खाडीला किती सोसेल?

शाळेत काचेची पेटी आणून मासे पाळण्याचा प्रयोग अनेक शिक्षकांनी केला असेल. पेटी धुतली, वाळू घातली, नळाचे पाणी भरले आणि लगेच मासे सोडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा वाईट दृश्य दिसते. हेच पाणी मुले रोज पितात आणि त्यांना काही होत नाही. मग मासे का मरतात? ज्यांना अनुभव आहे ते सांगतात, "पाणी एक दिवस उघडे ठेवा, मग मासे सोडा." सल्ला बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

कारण आहे क्लोरीन. गावात विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर जलसुरक्षक 'ओटी टेस्ट' करतो. पाण्याला पिवळी छटा आली की क्लोरीन उरला आहे असे समजायचे. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. एवढ्या क्लोरीनने कॉलरा-विषमज्वराचे जंतू आटोक्यात राहतात. आपल्या शरीरात तो लाळ आणि पोटातले अन्न यांच्याशी अभिक्रिया होऊन संपतो, रक्तापर्यंत पोचत नाही. माशाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कल्ल्यांवरून पाणी अखंड वाहत असते आणि पाणी व रक्त यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. क्लोरीन त्या नाजूक पडद्याचे ऑक्सिडीकरण करतो. कल्ल्यांवर बुळबुळीत स्राव साचतो, पेशी मरतात आणि भोवती प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

म्हणजे 'सुरक्षित पाणी' असे नुसते म्हणून भागत नाही. कोणासाठी सुरक्षित, किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत, हे विचारावे लागते. एखादे औद्योगिक रसायन जलचरांना किती घातक आहे हे ठरवण्याचे शास्त्र याच प्रश्नांतून गेल्या दीडशे वर्षांत उभे राहिले. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूच्या खाडीकाठी हे प्रश्न पुस्तकातून बाहेर आले आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या शास्त्राची आणि त्या खाडीची गोष्ट आम्ही येथे एकत्र सांगणार आहोत.

गेळाच्या फळाचे शास्त्र

माशांवर रसायनाचा परिणाम होतो हे माणसाला प्रयोगशाळा निघण्यापूर्वी फार आधीपासून ठाऊक होते. सह्याद्रीच्या पट्ट्यातले आदिवासी उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी आटून डोह उरले की गेळाची फळे ठेचून त्यात कालवत. गेळात सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात. ती कल्ल्यांवर परिणाम करतात, मासे झिंगून वर येतात आणि हाताने गोळा करता येतात. ते मासे खाणाऱ्याला अपाय होत नाही, कारण पोटातून गेलेले सॅपोनिन रक्तात फारसे शिरत नाही.

या पद्धतीत तीन गोष्टींचे ज्ञान आहे. डोह केवढा यावर फळे किती हे ठरते. म्हणजे परिणाम एकूण रसायनावर नव्हे, तर पाण्यातल्या त्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो. वाहत्या पाण्यात हा उपाय चालत नाही. म्हणजे विरळीकरणाला महत्त्व आहे. आणि माशाला जे मारते ते माणसाला मारतेच असे नाही. म्हणजे प्रत्येक जीवाची सोसण्याची ताकद वेगळी. आधुनिक शास्त्राने या तिन्ही गोष्टींना आकडे दिले.

एका वायूचा प्रवास

क्लोरीन प्रथम तयार केला तो स्वीडनच्या शेले यांनी, १७७४ मध्ये. हे मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ओळखले आणि त्याला आजचे नाव दिले. दरम्यान कापड विरंजनासाठी त्याचा उपयोग सुरू झाला होता. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. गावात आजही वापरली जाणारी पावडर त्याच कुळातली. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा पाणीपुरवठा निर्जंतुक करण्यासाठी ती वापरण्यात आली. १९०८ पासून अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाण्यात क्लोरीन नेमाने घालणे सुरू झाले. या एका रसायनाने किती माणसांचे प्राण वाचवले याची मोजदाद करणे कठीण आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला, हेही विसरता येणार नाही.

विसाव्या शतकात क्लोरीनला आणखी एक काम मिळाले. औष्णिक वीज केंद्रात वाफेने जनित्र फिरते. मग ती वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी कंडेन्सरच्या हजारो नळ्यांतून थंड पाणी खेळवतात. केंद्र समुद्राकाठी असेल तर हे पाणी समुद्राचे असते, आणि समुद्राच्या पाण्याबरोबर समुद्रातले जीवही येतात. नळ्यांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. पाणी आत घेण्याच्या मार्गात बार्नेकल, शिंपले, कालवे यांची पिल्ले चिकटतात आणि तिथेच वाढतात. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राच्या बोगद्यात अशा शिंपल्यांचा शेकडो टनांचा थर साचला होता. थर साचला की पाण्याचा प्रवाह आणि उष्णतेचे वहन दोन्ही घटतात. हे टाळण्याचा स्वस्त उपाय म्हणजे आत घेतलेल्या पाण्यात क्लोरीन सोडणे.

येथे पेच सुरू होतो. नळीतल्या जीवांना मारायचे म्हणून घातलेले रसायन नळीच्या तोंडाशी थांबत नाही. ते पाण्याबरोबर परत समुद्रात जाते, आणि तिथेही त्याच जातीचे जीव असतात.

डहाणूची खाडी

पालघरच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याने थंड होणारे केंद्र प्रथम आले ते तारापूरला. तिथले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या उत्तरेला डहाणू. तिथे ५०० मेगावॅटचे कोळशावर चालणारे केंद्र उभारायचा बेत मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या बी.एस.ई.एस. कंपनीने १९८० च्या दशकात केला. जागा खाडीकाठची. डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे आणि किनाऱ्याला मासेमारी करणारी गावे. खाडीत भरतीबरोबर बोय येतात, चिखलात निवटे उड्या मारतात, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या आणि कोळंबीची पिल्ले आसरा घेतात, खडकाला कालवे धरतात. कालवे फोडायला जाणाऱ्या बायकांच्या घरची चूल या खाडीवर पेटते.

स्थानिक नागरिकांच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गटाने प्रकल्पाच्या मंजुरीला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९१ मध्ये मंजुरी रद्द केली नाही. मात्र धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याची अट पूर्ण विचार केल्याशिवाय सैल करू नये, असे बजावले. त्याच वर्षी २० जून रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. उद्योगांची वर्गवारी झाली, उद्योगांखालच्या जमिनीला ५०० एकरांची मर्यादा पडली आणि तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवावा असे म्हटले गेले. १९९९ मध्ये या अधिसूचनेत दुरुस्त्या झाल्या.

या पट्ट्यामुळे तलासरीचा संबंध येतो. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा जुना उंबरगाव तालुका दुभंगला. उंबरगाव गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली. नकाशावर रेघ ओढता येते, पण ओढे आणि भरतीचे पाणी रेघ पाळत नाहीत. वारोली नदी तलासरीतून उंबरगावकडे वाहत जाते. वरच्या गावाने पाण्यात काय सोडले हे खालच्या गावाला कळते ते मासे कमी झाल्यावर. एका तालुक्याचे पाणी राखायचे तर शेजारच्या तालुक्याचा विचार करावा लागतो, हे त्या पट्ट्यामागचे साधे तर्कशास्त्र होते.

वीज केंद्राचे दोन संच १९९५ च्या सुमारास सुरू झाले.

अर्धे मेले म्हणजे किती?

आता शास्त्राकडे वळू. 'हे रसायन माशांना विषारी आहे' या विधानाला आकडा कसा द्यायचा? एका प्रमाणात एकही मासा मरत नाही, दुसऱ्या प्रमाणात सगळे मरतात. मधल्या प्रमाणात काही मरतात, काही जगतात, कारण एकाच जातीचे मासेही सारखे नसतात. सगळ्यात चिवट मासा कधी मरतो हे शोधायला गेलो तर उत्तर दर वेळी बदलते.

१९२७ मध्ये इंग्लंडमधल्या जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी औषधांची ताकद मोजताना यावर तोड काढली. टोकाच्या प्राण्यांकडे न बघता अर्धे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा मोजायची. हा आकडा सर्वांत स्थिर असतो. १९३४ मध्ये चेस्टर ब्लिस यांनी अशा निरीक्षणांतून ती मात्रा काढण्याची संख्याशास्त्रीय रीत दिली. जलचरांच्या बाबतीत पोटात गेलेली मात्रा मोजता येत नाही, म्हणून पाण्यातले प्रमाण मोजतात. ९६ तासांत अर्धे मासे मारणारे प्रमाण म्हणजे 'एलसी-५०'. चारच दिवस का? सोमवारी सुरू केलेली चाचणी शुक्रवारी संपते, असे गमतीने म्हटले जाते. गमतीत थोडे सत्य आहे. ९६ तास हा निसर्गाचा नियम नसून सोयीचा करार आहे.

आपल्या देशातही हीच पद्धत कायद्यात आली. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखालच्या सर्वसाधारण मानकांत एक कसोटी अशी आहे: सांडपाणी विरळ न करता त्यात मासे ९६ तास ठेवले, तर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. डोहात गेळ कालवण्यापासून येथपर्यंतचा हा प्रवास आहे.

पण क्लोरीनच्या बाबतीत या चाचणीत एक मोठा खळगा आहे. क्लोरीन टिकत नाही. तो हवेत उडतो, उन्हाने विघटित होतो, पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी अभिक्रिया होऊन संपतो. पेटीत सकाळी लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन घातला, तर संध्याकाळी त्यातला किती उरेल? माशाने काही तासच विष सोसले आणि आम्ही मात्र लिहिले की तो अर्धा मिलिग्रॅममध्ये चार दिवस जगला! अशा चाचणीत रसायन आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. म्हणून उडून जाणाऱ्या रसायनांसाठी वाहत्या पाण्याच्या चाचण्या निघाल्या. त्यांत ताजे द्रावण सतत येत राहते, आणि 'किती घातले' याऐवजी 'किती आहे' हे दर वेळी मोजतात. १९५७ मध्ये पॅलिन यांनी डीपीडी हे गुलाबी रंग देणारे रसायन वापरून मुक्त आणि संयुक्त क्लोरीन वेगवेगळा मोजण्याची रीत दिल्यावर हे काम सोपे झाले.

पाण्यातले इतर जीवही वेगळे धडे देतात. कालव किंवा शिंपला क्लोरीनची चाहूल लागताच शिंपा घट्ट मिटून घेतो. चार दिवसांच्या चाचणीत तो जिवंतच राहतो. आपण म्हणू, 'याला काही होत नाही.' पण थोडा क्लोरीन आठवडेच्या आठवडे येत राहिला तर त्याला खाण्यासाठी शिंपा उघडता येत नाही आणि तो हळूहळू क्षीण होऊन मरतो. अंडी आणि पिल्ले यांना तर मिटायला शिंपाच नसतो. म्हणून आता एका माशावर न थांबता निदान तीन पायऱ्यांवरचे जीव तपासतात: अन्न तयार करणारे शैवाल, ते खाणारा डाफ्नियासारखा चिमुकला कवचधारी आणि मासा. १९८१ मध्ये ओईसीडी या राष्ट्रगटाने या तिन्हींच्या चाचण्यांच्या प्रमाणित रीती प्रसिद्ध केल्या.

दोन आकड्यांची तुलना

रसायन विषारी आहे एवढ्यावरून धोका ठरत नाही. कुलूपबंद बाटलीतले विष माशाला मारत नाही. धोका ठरवायला दोन आकडे लागतात. पहिला, पाण्यात रसायनाचे प्रमाण किती होईल याचा अंदाज. दुसरा, किती प्रमाणापर्यंत जलचरांना अपाय होणार नाही याचा अंदाज. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर एकापेक्षा बरेच कमी आले तर निर्धास्त, एकाच्या वर गेले तर काळजी. १९७७ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पेल्स्टन येथे जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी एक कार्यशाळा घेतली. तिचा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला. त्यातला मुख्य विचार असा: दोन्ही आकडे सुरुवातीला ढोबळ असतात, त्यांच्या भोवती अनिश्चिततेचा रुंद पट्टा असतो. दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर असतील तर थोड्या चाचण्या पुरतात. ते एकमेकांवर चढत असतील तर अधिक अभ्यास केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

दुसरा आकडा काढताना आपल्या अज्ञानाची किंमत मोजावी लागते. फक्त अल्पकालीन चाचण्या हाती असतील तर सर्वांत कमी एलसी-५० ला १००० ने भागतात, असा युरोपातला संकेत आहे. दीर्घकालीन चाचण्या वाढल्या की हा भाजक १०० आणि मग १० वर येतो. समजा, एखाद्या रसायनाचा सर्वांत कमी एलसी-५० लिटरला २ मिलिग्रॅम आहे. तर प्रारंभीचा सुरक्षित अंदाज ०.००२ मिलिग्रॅम. जितके कमी ठाऊक, तितकी जास्त सावधगिरी.

आता क्लोरीनचे आकडे पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अनेक जातींवरच्या चाचण्या एकत्र करून १९८४ मध्ये निकष ठरवले. खाऱ्या पाण्यात क्लोरीनमुळे निर्माण झालेल्या ऑक्सिडीकारकांची तासाभराची सरासरी लिटरला १३ मायक्रोग्रॅमच्या वर आणि चार दिवसांची सरासरी ७.५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. गोड्या पाण्यासाठी हेच आकडे १९ आणि ११. आपल्या नळाच्या पाण्यातले ०.२ मिलिग्रॅम म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. काचेच्या पेटीतले मासे का मेले याचे उत्तर या एका ओळीत आहे.

भारतात औष्णिक केंद्रांच्या मानकांनुसार एकदाच वापरून सोडलेल्या थंडाईच्या पाण्यात मुक्त क्लोरीन ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, आणि सुरुवातीच्या मानकांनुसार पाण्याचे तापमान आत घेतलेल्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून अधिक वाढू नये अशी अट होती. वर्गात करण्याजोगे एक गणित या आकड्यांतून निघते. ५०० मेगावॅटच्या केंद्राच्या कंडेन्सरमधून ढोबळमानाने ७०० मेगावॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. समुद्राच्या एका किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४००० ज्यूल लागतात. वाढ ५ अंशांवर रोखायची, तर सेकंदाला सुमारे ३५ टन पाणी हवे. त्या प्रत्येक घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅम क्लोरीन सतत असेल, तर दिवसाला सुमारे दीड टन क्लोरीन बाहेर पडेल. हे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. मर्यादेच्या काठावर चालणाऱ्या कल्पित केंद्राचे हे गणित आहे. पण मर्यादेचा अर्थ त्यातून कळतो.

अर्धा मिलिग्रॅम म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. १३ शी तुलना केली तर जवळजवळ अडतीस पट. मग आपले मानक चूक का? तसे घाईने म्हणू नये. एक आकडा नळीच्या तोंडाशी लागू आहे, दुसरा जलचर राहतात त्या पाण्याला. या दोहोंमध्ये पाणी मिसळते आणि क्लोरीन संपत जातो. खरा प्रश्न हा की नळीच्या तोंडापासून किती अंतरावर आणि किती वेळात ५०० चे १३ होतात. त्या अंतरात कालवांचे खडक आहेत की नाहीत, यावर उत्तर अवलंबून आहे.

खाडी म्हणजे पेटी नव्हे

याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, खाडीत मिळते. भरतीला खाडी भरलेली असते, ओहोटीला उथळ पाणी उरते. विरळीकरण दिवसातून चार वेळा बदलते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. क्लोरीन त्याच्याशी काही सेकंदांत अभिक्रिया करतो आणि ब्रोमीनची ऑक्सिडीकारक संयुगे बनतात. म्हणजे खाऱ्या पाण्यात आपण म्हणतो क्लोरीन, पण मारतो ब्रोमीन! पावसाळ्यात डोंगरातून गोडे पाणी उतरले की खाडीचे रसायनशास्त्र पालटते. गावांच्या सांडपाण्यातून अमोनिया आला असेल तर क्लोरॅमाइन तयार होतात, आणि ती मुक्त क्लोरीनपेक्षा जास्त वेळ टिकतात. सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होऊन ब्रोमोफॉर्मसारखी उपउत्पादनेही बनतात.

शिवाय केंद्राच्या पाण्यात क्लोरीन एकटा नसतो. आत खेचलेल्या पाण्याबरोबर प्लवक, माशांची अंडी आणि कोळंबीची पिल्लेही कंडेन्सरमधून जातात. त्यांना एकाच वेळी उष्णता, पंपाचे हेलकावे आणि क्लोरीन सोसावा लागतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला श्वास मात्र जास्त घ्यावा लागतो. एकेका घटकाची मर्यादा पाळली, तरी तिन्ही एकत्र आल्यावर काय होते हे वेगळे तपासावे लागते.

डहाणूत यात आणखी एक भर पडली. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढण्यासाठी समुद्राचे पाणीच वापरायचे ठरले. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने हा वायू शोषून घेते. त्यातून आधी सल्फाइट आणि हवा मारल्यावर सल्फेट बनते. समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरला जवळपास २.७ ग्रॅम सल्फेट असते, म्हणून त्यात पडणारी थोडी भर निरुपद्रवी समजतात. पण हवा पुरेशी मारली नाही तर उरलेले सल्फाइट खाडीतला प्राणवायू ओढते. शोषलेल्या दर ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइडला १६ ग्रॅम प्राणवायू लागतो. पाण्याची आम्लताही वाढते. हवेतला प्रश्न सोडवताना तो पाण्यात ढकलला जात नाही ना, हे पाहावे लागते. ही यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. तिची अट न्यायालयासमोर आल्यापासून सोळा वर्षे गेली होती.

सिद्ध कोणी करायचे?

शास्त्र येथवर आणून सोडते. पुढचा प्रश्न न्यायाचा आहे. दोन्ही अंदाजांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असताना संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, उद्योगाला की खाडीला? कालवे फोडणाऱ्या बाईने 'कालवे कमी झाली' असे सांगितले तर तिच्याकडे पुरावा मागितला जातो. पण केंद्र उभे राहण्याआधी खाडीत कालवे किती होती हे कोणी नीट मोजून ठेवले नसेल, तर तिने तो आणायचा कोठून?

१९९२ च्या रिओ परिषदेने या बाबतीत सावधगिरीचे तत्त्व मांडले. गंभीर हानीची भीती असेल तर पूर्ण शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर उपाय पुढे ढकलू नयेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले, आणि आपले काम पर्यावरणाला अपायकारक नाही हे उद्योगाने दाखवावे असे सांगितले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश झाला. १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. सावधगिरी आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' ही दोन तत्त्वे अमलात आणणे हे त्याचे काम ठरले. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला परवानगी नाकारली. १९९९ मध्ये वीज केंद्राला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यास फर्मावले. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये निवर्तले. जुलै २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणच्या नव्या बंदर प्रकल्पाला अटींसह संमती दिली आणि २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यावर किनाऱ्यावरच्या गावांत तीव्र मतभेद आहेत. म्हणजे 'खाडीला किती सोसेल' हा प्रश्न संपलेला नाही, आकार बदलून पुन्हा दाराशी आला आहे.

या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वीज हवी आहे, शुद्ध पाणी हवे आहे, म्हणून क्लोरीनही हवा आहे. रसायन चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोठे, किती, किती वेळ आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. आणि हे प्रश्न विचारायला आधीच्या नोंदी लागतात.

शाळेत काय करता येईल?

मासे न मारताही हे शास्त्र शिकवता येते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासण्याचा संच असतो. त्याची मदत घ्या. ताजे नळाचे पाणी चार बाटल्यांत भरा. पहिली झाकण लावून अंधारात ठेवा, दुसरी उघडी सावलीत, तिसरी उघडी उन्हात, आणि चौथीत चिमूटभर खाडीचा किंवा ओढ्याचा गाळ घाला. दर तासाला तपासून रंग नोंदवा आणि आलेख काढा. तपासणीचे रसायन मुलांच्या हाताला किंवा तोंडाला लागू देऊ नका; ते काम मोठ्यांनीच करावे. चौथ्या बाटलीतला क्लोरीन किती लवकर संपतो हे पाहिल्यावर चाचणीच्या पेटीतला खळगा मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरे काम याहून सोपे आणि जास्त मोलाचे आहे. खाडीजवळच्या किंवा ओढ्याकाठच्या शाळेने एक जागा ठरवावी. दर महिन्याच्या अमावस्येला ओहोटीच्या वेळी तिथे जाऊन चौकटीत कालवे किती, निवटे किती, पाण्याचे तापमान किती, एवढेच मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. तलासरीच्या शाळांनी ओढ्यातले खेकडे आणि शिंपले मोजावेत. दहा वर्षांनी कोणी विचारले, "पूर्वी येथे काय होते?" तर उत्तर आठवणीतून द्यावे लागणार नाही. ती वही शाळेच्या कपाटात असेल.